कोऱ्या मांजरपाटाचा रंग

आमच्या धाकट्या लेकीला जुळी झाली त्या वर्षी घराला रंग दिला. रंग देण्याचं कारणच ते होतं. धाकटी तान्ही पोरं घेऊन राहायला येणार होती आणि सूनबाईच्या मनाने घेतलं होतं की पोरं येतील ती उजळ घरात येतील.

तिचंही काही चुकत नव्हतं. आधीचा रंग दिला तेव्हा धाकटी शाळेत जात होती, आणि ते रंग निवडले होते ह्यांनी. हे शिंपी. जन्मभर कापडाच्या ठाणांत वावरलेला माणूस, त्याचं एका रंगावर समाधान कसं व्हावं? पुढची खोली निळी, स्वयंपाकघर पोपटी, मागची खोली गुलाबी, मुलगा-सून राहतात ती माडीवरची जांभळी आणि खाली सगळ्यांना जोडणारा अंधारा बोळ पिवळा. आमच्या घरात कुणी पुढची खोली, मागची खोली असं म्हणतच नसे. ‘चष्मा निळीत राहिला,’ ‘पोपटीत दूध उतू जातंय, धाव,’ ‘पाहुण्यांचं अंथरूण गुलाबीत घाल.’ लग्न होऊन आलेली सूनबाई पहिले काही दिवस नुसती गोंधळून उभी राहायची.

आता ती शेड कार्ड घेऊन आली. पत्त्यांच्या कॅटासारखं उलगडणारं, नुसत्या फिक्या रंगांचं.

“आई, सगळ्या घराला एकच रंग. फिका पण उबदार. पांढरा नाही, पिवळा नाही, करडा नाही.”

“म्हणजे मग आहे कोण तो?” हे म्हणाले.

“तेच तर शोधायचंय, बाबा.”

मी चाळिशी उलटल्यावर वाचायला शिकले, त्यामुळे समोर येईल ते मोठ्याने वाचायची मला खोड. मी कार्ड हातात घेऊन रंगांची नावं वाचायला लागले. वाळूची सकाळ. मऊ लोकर. शांत शिंपला. भाजका बदाम.

“वाळूला सकाळ वेगळी आणि दुपार वेगळी असते होय?” हे मशीनपाशी बसल्या बसल्या म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही. कारण एकच रंग म्हणजे काय, ते घरात मला एकटीलाच कळलं होतं.

ह्यांचे डोळे जात होते. पहिल्यांदा सुईत दोरा जाईना. मी ओवून द्यायला लागले. मग कापडावरची खडूची रेघ दिसेना. तेव्हा आम्ही दोघंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. हे घरी आले आणि सगळ्यांना सांगितलं, पाठ धरते, आता शिवणकाम बंद. मुलगा म्हणाला, बरं झालं, फार केलंत. विषय मिटला.

मला मात्र त्यांनी शपथ घातली होती. ह्यांची आई शेवटी आंधळी झाली होती. तिला एका खाटेवर बसवून ठेवलं होतं. उठली की कुणीतरी ओरडायचं, ‘बसा, आम्ही आहोत ना!’ आणि हात धरून संडासापर्यंत न्यायचे, बाहेर उभे राहायचे, परत आणून बसवायचे. चांगले लोक होते, कुणी वाईट वागलं नाही तिच्याशी. पण त्या खाटेवर तिची वाचासुद्धा हळूहळू गेली. हे मला म्हणाले, “मला कुणी हात धरून संडासला नेलं, त्या दिवशी मी संपलो असं समज. जोवर मी आपला आपण फिरतोय तोवर कुणाला बोलायचं नाही.”

आणि ते फिरत होते. अंघोळीला जायचे, चहा झाला की कपबशी पोपटीत आणून ठेवायचे, संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसायचे. ‘आता गुलाबीत जरा पडतो,’ म्हणून उठायचे आणि सरळ गुलाबीत जायचे. मी धरून चालले होते की त्या भडक रंगांचा त्यांना आधार आहे. समोर निळं धुकं दिसलं की निळी, पोपटी धुकं दिसलं की पोपटी. सगळीकडे शांत शिंपला फासल्यावर हा माणूस कुठे जाणार?

म्हणून मी आडवी आले.

रंगाऱ्याला आम्ही ठिपके म्हणायचो. भिंतीवर त्याचा हात इतका साफ की जमिनीवर थेंब पडायचा नाही, आणि स्वतः मात्र चष्म्यापासून चपलेपर्यंत ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेला. त्याने निळीच्या भिंतीवर चार चौकोन रंगवून दिले. “दोन दिवस बघा, उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली बघा, मग बोला,” म्हणाला.

बघायचं काय, त्या चौकोनांनी घराची झोपच उडवली. सकाळी जो रंग सायीसारखा वाटे तो दुपारी जुन्या उशीसारखा दिसे. संध्याकाळी दिवा लावला की त्यावर गुलाबी झाक चढे. सूनबाई कामावरून आली की चप्पल न काढता आधी भिंतीपाशी. मुलगा जेवता जेवता ताट घेऊन उठायचा. “हा दुसरा बरा वाटतोय.” सकाळी तोच म्हणायचा, “छे, हा नको, आजारी दिसतो.” मग आणखी दोन चौकोन. मग कोपऱ्यात आणखी एक, कोपऱ्यात सावली वेगळी पडते म्हणून. फडताळं भिंतीपासून ओढून खोल्यांच्या मधोमध आली होती, त्यांवर चादरी टाकलेल्या, भांडी खोक्यांत. कुठे टेकावं म्हटलं तर जागा नाही. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझाऱ्या घालायची आणि कशाला निघाले होते तेच विसरायची.

आणि रोज सूनबाईशी वाद.

“हा ओल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो,” मी म्हणायची.

“बरं, मग हा?”

“हा तापातल्या जिभेसारखा.”

“आई! मग तुम्हाला हवाय तरी कुठला?”

“मला कुठलाच नको. निळी निळीच राहू दे. पोपटी पोपटी. ताजा हात मारा, झालं.”

“अहो, पण ते रंग… लोक हसतात हो. माझी मैत्रीण म्हणाली, तुमच्या घरात शिरलं की फुग्यांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं.”

“तिला सांग, फुगा फुकट देते, परत येऊ नकोस.”

मुलगा तोंड फिरवून हसायचा. त्याचं हसू बघून सूनबाई आणखी चिडायची. तिला बिचारीला कसं कळावं, ही म्हातारी एवढी इरेला का पेटली आहे? मला सांगता येईना. सांगितलं तर शपथ मोडते, नाही सांगितलं तर घर हातचं जातं. अन्न गोड लागेना.

एके दिवशी सूनबाईने हुकमाचं पान टाकलं. “आता बाबांनीच सांगायचं. घर त्यांचं. बाबा, या इकडे. यातला कुठला?”

हे उठले. मशीनवरची चादर चाचपत भिंतीपाशी आले, हात मागे बांधून उभे राहिले. बराच वेळ अगदी निरखून बघितल्यासारखं केलं. मग बोट पुढे करून ठामपणे म्हणाले, “हा.”

सूनबाई खळखळून हसली. “बाबा, तिथे काहीच नाहीये! दोन चौकोनांच्या मधली जुनी भिंत आहे ती!”

माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पण हे हलले नाहीत. “मग? जुनाच बरा म्हणतोय मी. तुझ्या सासूसारखं.”

“घ्या! दोघं एक झाले!” मुलगा म्हणाला, आणि वेळ टळली. मी पोपटीत जाऊन तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले.

इतक्यात ठिपके कंटाळला. “काकू, तुमचा निकाल लागेल तेव्हा लागेल,” तो मला म्हणाला. “पोरं तर यायला टेकली. मी तोवर घासून पुट्टी करून घेतो. रंग कुठलाही द्या, खाली भिंत तर सपाट लागणारच.”

“कर बाबा,” मी म्हणाले. मला वाटलं, तेवढीच सवड मिळेल. घरातल्या एकानेही त्यावर दुसरा विचार केला नाही. जो तो रंगाच्या मागे.

ठिपकेने बोळापासून सुरुवात केली. जुने खिळे उपटले, पोपडे खरवडले, भेगा भरल्या, पत्र्याने पुट्टी ओढली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली. बोळ नुसता धुराळ्याने भरला होता. हे दिवसभर निळीत खुर्चीवर बसून तो आवाज ऐकत होते. खरडण्याचा आवाज थांबला की मान वर करायचे, पुन्हा सुरू झाला की खाली घालायचे. दोनदा मला हाक मारली.

“अगं, खिळे सगळे काढले का त्याने?”

“काढले. गंजके होते सगळे.”

“आरशाचापण?”

“आता आरसा कुठे लावतोय आपण तिथे?”

हे गुडघ्यावर बोटं वाजवत राहिले. मला वाटलं, धुळीने वैतागलेत. जेवणानंतर मी त्यांना गुलाबीत सोडायला गेले ती चादरी गुंडाळायच्या निमित्ताने, कारण बोळात बादल्या होत्या. त्यांनी एक हात भिंतीवर ठेवला आणि पटकन काढून घेतला, चटका बसावा तसा. तळहात पांढरा झाला होता.

“छान झालीय भिंत,” ते म्हणाले. “काचेसारखी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोपटीत चहा टाकत होते. पाणी उकळलं, चहा झाला, झाकला. हे अजून आले नाहीत. बोळात डोकवायला वळले तर माडीवरून मुलगा उतरून बोळात शिरला होता, दात घासायला निघालेला, खांद्यावर टॉवेल. जमिनीवर ठिपकेने गोणपाटं अंथरली होती, पावलांचा आवाज येत नव्हता.

हे बोळाच्या मधोमध भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन्ही तळहात भिंतीवर टेकलेले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या. किती वेळ असे सरकत होते कुणास ठाऊक. मागे कुणीतरी आल्याचं त्यांना जाणवलं. त्यांना वाटलं, मी.

“अगं,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “संडास कुठल्या अंगाला राहिला?”

मुलगा जागच्या जागी थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याने टॉवेल खाली टाकला, पुढे जाऊन बापाचा हात धरला आणि म्हणाला, “या बाबा. इकडे.”

आवाज ऐकून ह्यांचा चेहरा जो झाला तो मला नीट सांगता येत नाही. ते गेले त्याच्याबरोबर. न जाऊन काय करणार होते? मुलगा दाराबाहेर उभा राहिला. बाहेर आल्यावर त्यांना हात धरून निळीत नेऊन खुर्चीवर बसवलं.

त्या दिवशी ते खुर्चीवरून उठले नाहीत. चहा तिथेच निवला. जेवण कसंतरी दोन घास. मी बोलले की ‘हं’ म्हणायचे.

मुलाने कामावर जायचं रद्द केलं. घरभर फिरत बोलत होता, एका जागी ठरत नव्हता. “खाट इथे निळीतच टाकू. खुर्ची येते एक, खाली भांडं असलेली, ती आणतो. दिवसा बघायला कुणी बाई मिळते का बघू. बोळाला रेलिंग लावू. आई, तू सांगितलं का नाहीस? मी परका आहे का?”

“त्यांनी शपथ घातली होती.”

“शपथ! बाबा, मला कळायला नको होतं?”

ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “कळलं असतं तर काय केलं असतंस?”

“काय म्हणजे? हात धरला असता!”

“तेच.”

सूनबाई जिन्याच्या पायरीवर बसली होती, शेड कार्ड मांडीवर. ती रडत होती आणि रागावलीही होती. “म्हणून आई तुम्ही एवढ्या हट्टाला पेटला होतात? मला एकदा कानात सांगायचं तरी. मी काय कसाई आहे? राहू देत ना बाबांचे रंग. निळी निळीच राहू दे, पोपटी पोपटी. उद्याच ठिपकेला सांगते.”

मला वाटलं, जिंकले. शपथ मोडली तरी निदान रंग राहिले. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ते मान हलवत होते.

“कसले रंग घेऊन बसलात?” ते म्हणाले. “रंग मला दिसत नाहीत. बरेच दिवस झाले. निळी आणि बोळ सारखाच दिसतो मला, काळोख्या खड्ड्यासारखा. उलट तो फिका रंग दिला असता तर कदाचित जरा उजेड तरी वाटला असता.”

“मग तुम्ही ‘निळीत जातो’ म्हणायचात ते?” मी विचारलं.

“नाव आहे ते त्या खोलीचं. तुला काय गुलाबीत सगळं गुलाबी दिसतं रोज?” मग म्हणाले, “मी हाताने जायचो. पोपटीच्या अलीकडे भिंत फुगली होती ओलीने. तिथून दोन बोटांवर दार. फडताळ आणताना आपटलं होतं तिथे खळगा होता, त्याच्यापुढे गुलाबी. आरशाचा खिळा लागला की संडास जवळ आला. भेग खाली वळली की न्हाणीघर. वीस-पंचवीस वर्षांची भिंत होती ती. सगळी पाठ होती मला. आता हात लावतो तर काहीच नाही. नवंकोरं कापड नुसतं, शिलाईच नाही कुठे.”

रंगावरून आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं. भिंत मात्र मी स्वतः ‘कर बाबा’ म्हणून देऊन टाकली होती.

बोळातून तेवढा ठिपकेच्या पत्र्याचा आवाज येत होता, खरर, खरर. त्याला आत काय चाललंय त्याचा पत्ता नव्हता. तो पुट्टीचा दुसरा हात ओढत होता.

ह्यांनी मान वर केली. बराच वेळ तो आवाज ऐकला. मग खुर्चीचे हात दाबून उठले. मुलगा धावला.

“लांब हो,” हे म्हणाले.

“बाबा, बादल्या आहेत तिथे…”

“बादल्या उचल मग. मला उचलू नकोस.”

आवाजाच्या रोखाने ते बोळाच्या तोंडाशी गेले. चौकट हाताला लागली तिथे थांबले.

“ठिपके, ओली आहे का रे भिंत?”

“ओली आहे, काका. हात नका लावू. आत्ताच ओढलीय, बघा कशी सुरेख…”

“पोपटीची चौकट दाखव मला. फक्त आवाज दे, कुठे आहे ते.”

ठिपकेने बुचकळ्यात पडून चौकटीवर पत्र्याने टकटक केलं. हे आवाजाकडे गेले. चौकट चाचपली. मग चौकटीपासून अलीकडे, कमरेच्या उंचीवर एक वीत मोजली, कापड मोजायचे तशी, करंगळी ताणून. आणि जिथे वीत संपली तिथे अंगठा दाबला. चांगला खोल.

“काका!” ठिपके अक्षरशः किंचाळला. “अहो काय करताय! आता पुन्हा भरावं लागेल!”

“भरलंस तर याद राख. खूण आहे ती. दोन तुकडे जोडताना कापडाला खूण करतात, नाहीतर बाही खांद्याला उलटी लागते.”

“पण भिंतीला कुणी खूण करतं का? मी एवढी काचेसारखी केली…”

“तुझ्या काचेवर मी आज सकाळी हरवलो,” हे म्हणाले.

ठिपकेने आमच्याकडे बघितलं. मुलाने तोंड उघडलं, “बाबा, त्यापेक्षा रेलिंग…”

“हा दवाखाना नाही.”

मुलगा सूनबाईकडे बघायला लागला, तू तरी सांग म्हणून. ही सपाट भिंत तिनेच किती दिवस मनात रंगवली होती. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि ठिपकेला म्हणाली, “जिथे वाळली असेल तिथे पुन्हा ओली लावा. बाबा सांगतील तिथे.”

“वहिनी, पण लोक म्हणतील रंगाऱ्याचं काम कच्चं.”

“लोकांना फुगा द्या,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मग सगळा बोळ त्यांनी शिवला म्हणा ना. पोपटीला एक अंगठा, गुलाबीला एकाखाली एक असे दोन, संडासाला तीन. न्हाणीघराला नखाने आडवी रेघ. निळीत परत यायच्या वाटेवर पाचही बोटांची टोकं. ठिपके पुढे पुढे पुट्टी लावत होता, हे मागे मागे वीत मोजत होते. दोघांत भांडण चालूच होतं. “जरा वर दाबलं असतं तर बरं दिसलं असतं.” “दिसायला कुणाला हवंय?” मध्येच मला हाक मारून म्हणाले, “बघ गं. तू एवढ्या वयात अंगठा सोडून सही शिकलीस, आणि मी म्हातारपणी अंगठा लावायला लागलो.”

“घरच्या कागदावरच लावताय,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुट्टी वाळली होती. हे गुलाबीतून निघाले. मी पोपटीच्या दारात, मुलगा-सून बोळाच्या तोंडाशी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिघंही आधीच उठून बसलो होतो. मला तर रात्रभर डोळा लागला नव्हता. ते हात भिंतीवरून सरकवत चालले. पहिली खूण हुकली. हात खाली गेला, वर आला, थांबला. मुलाचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. सूनबाईने त्याच्या सदऱ्याची बाही मागून गच्च धरून ठेवली. ह्यांनी एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा हात फिरवला. अंगठा खळग्यात बसला. तिथे क्षणभर टेकले आणि मग तीन खुणांपर्यंत न थांबता गेले. आत गेले. कडी लावली. एवढ्या जोरात लावली की शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू गेली असेल.

मुलगा जिन्यात बसला आणि त्याने तोंडावरून टॉवेल घेतला.

रंगाचं भिजत घोंगडं तसंच होतं. त्या संध्याकाळी हे स्वतःच म्हणाले, “त्या कार्डातली नावं वाच बघू.” मी वाचली. वाळूची सकाळ, मऊ लोकर, शांत शिंपला, सगळी. ते प्रत्येकाला विचारायचे, “म्हणजे कसा?” मी सांगायची. हा पिठासारखा. हा भिजलेल्या लाकडासारखा. हा कशासारखाच नाही.

“कोऱ्या मांजरपाटासारखा आहे का त्यात?” त्यांनी विचारलं. “न धुतलेल्या. आत अस्तराला लावायचो तो. त्यात सरकीचे बारीक ठिपके असतात, हाताला जरा खरखरीत लागतो. पांढरा नाही, पिवळा नाही, करडा नाही.”

सूनबाई उठली, ट्रंकेतून मांजरपाटाचा तुकडा काढून आणला आणि भिंतीला लावला. दिव्याखाली बघितला. सकाळी उन्हात बघितला. दुपारी कोपऱ्यात बघितला. मग ठिपकेच्या हातात दिला. “असा.”

ठिपकेने तीनदा रंग मिसळला. तिसऱ्यांदा कापड भिंतीवर धरलं तर कापड कुठे संपतं ते चटकन कळेना. तोच रंग सगळ्या घराला लागला. खुणांवरून ब्रश फिरवताना तो पुटपुटत होता, पण एकही बुजवली नाही. आत रंगाचा थेंब साचू नये म्हणून काडीने टिपून घेतला.

खरं सांगायचं तर मला तो रंग पहिल्या दिवशी आवडला नाही. सगळं घर उलट्या बाजूने घातल्यासारखं वाटलं. पण हे आत शिरले, चेहरा वर करून इकडे तिकडे फिरवला आणि म्हणाले, “उजाडलं वाटतं जरा.” त्यानंतर मी नाव ठेवलं नाही.

धाकटी आली. तिला सगळं सांगावं लागलं, ती रडली, मग बोळात जाऊन प्रत्येक खळग्यात आपला अंगठा बसवून आली. जुळी रांगायला लागली, उभी राहायला लागली, आणि येतील तेव्हा त्याच खुणांत बोटं घालून खेळायची. सूनबाईची मैत्रीण आली. म्हणाली, रंग फार सुरेख आहे, पण भिंतीला हे काय झालंय? सूनबाई म्हणाली, “मापं आहेत घरातली.” रंग एकच झाला तरी खोल्यांची नावं बदलली नाहीत. जुळीसुद्धा ‘पोपटीत’ म्हणतात आणि पोपटी का, ते त्यांना ठाऊक नाही.

मुलगा मात्र पुष्कळ दिवस सुधारला नाही. हे उठले की त्याचे हात पुढे यायचे. मग तो ते हात खिशात घालायचा. शेवटी शेवटी ह्यांना उजेडही कळत नव्हता, तरी ओट्यावर एकटेच जायचे आणि परत यायचे. मी पोपटीत काम करत असले की भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज ऐकायची, आणि तो मध्येच थांबला की माझेही हात थांबायचे. पुन्हा सुरू झाला की मग पुढचं काम. इतकी वर्षं मी तशीच होते, अर्धा कान बोळात.

हे गेले ते जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका गुरुवारी सकाळी. त्या दिवशीही बोळातून आपले आपण जाऊन आले होते.